उपचार सुरक्षित होते की नाही, हे कोणी ठरवायचे?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडील एखाद्या दूरच्या वस्तीत राहणाऱ्या मुलाला ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गानंतर येणारा आणि हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा ताप, येऊन गेला, की पुढची कित्येक वर्षे त्याचे आयुष्य एका वेळापत्रकाला बांधले जाते. दर २८ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे, म्हणजे वर्षातून तेरा वेळा, आणि तेही किमान पाच वर्षे किंवा वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत; हृदयाच्या झडपांना गंभीर इजा झालेली असेल, तर चाळिशीपर्यंत. हे औषध दाट असते, स्नायूत खोलवर द्यावे लागते आणि टोचल्यानंतरही बराच वेळ दुखत राहते. ठरलेल्या इंजेक्शनांपैकी निदान ८० टक्के तरी रुग्णाला मिळावीत असे उद्दिष्ट मानले जाते, आणि ऑस्ट्रेलियात निम्म्याहून कमी रुग्ण तेथवर पोचतात. ज्यांची इंजेक्शने चुकतात, त्यांच्यात स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा नवा संसर्ग शरीराची प्रतिकारशक्ती पुन्हा झडपांवर उलटवू शकतो. हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप गळू लागते किंवा जाड होऊन आक्रसते, आणि ज्या वयात मुलाने शाळेत असावे त्या वयात ते हृदयशस्त्रक्रियेची वाट पाहत बसते.

हा विकार मुळात दाटीवाटीच्या घरांचा आणि अंग-कपडे धुण्याच्या अपुऱ्या सोयींचा आहे. त्याच देशातील सुस्थितीतल्या कुटुंबांतून तो केव्हाच नाहीसा झाला. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी या मूलनिवासी लोकांचे ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येतील प्रमाण चार टक्क्यांहून कमी असले, तरी ऱ्हुमॅटिक तापाच्या नोंदींपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्यांच्याच आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडमधील मनिनग्रिडा या वस्तीत २०१८ मध्ये शाळकरी मुलांची हृदयाची सोनोग्राफी करण्यात आली, तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास मुलांच्या झडपांत विकार सापडला. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी याची कल्पनाही नव्हती.

पेनिसिलिन नवे नाही, महागही नाही. मग अडते कोठे? यावर दिले जाणारे नेहमीचे उत्तर असे, की रुग्ण सहकार्य करत नाहीत, ठरलेल्या दिवशी येत नाहीत, सल्ला न जुमानता रुग्णालयातून निघून जातात. मला हे उत्तर अपुरे आणि अन्यायकारक वाटते. ज्या उपचारासाठी माणसाला तेरा वेळा, सव्वीस वेळा, शंभर वेळा त्याच दारात परत यावे लागते, त्या उपचारात दारातली वागणूक हा औषधाचाच भाग असतो. तेथे अपमान होत असेल, आपले म्हणणे कोणी ऐकत नसेल, तर मात्रा चुकणारच; आणि अशी चुकलेली मात्रा रुग्णाच्या खात्यावर मांडण्यापूर्वी ती सेवेच्या खात्यावर मांडून पाहिली पाहिजे.

रुग्णालयाविषयीच्या भीतीला इतिहास आहे, आणि तो फार जुनाही नाही. १९०८ ते १९१९ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात गुप्तरोगाच्या संशयावरून मूलनिवासी स्त्री-पुरुषांना पकडून बर्नियर आणि डोर या बेटांवरील ‘लॉक हॉस्पिटलां’मध्ये नेऊन ठेवले जाई, कित्येकांना साखळ्या घालून नेण्यात आले, आणि अनेकजण तेथून परतलेच नाहीत. त्यानंतरच्या दशकांत मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवण्याचे जे धोरण राबवले गेले, त्यात प्रसूतिगृहे आणि रुग्णालये ही मुले हिरावली जाण्याची ठिकाणे होती. ज्यांनी हे स्वतः भोगले अशी माणसे आज आजी-आजोबांच्या वयाची आहेत, आणि छातीत दुखणाऱ्या नातवाला रुग्णालयात न्यायचे की नाही हे घरात तीच ठरवतात. त्यांच्या नकाराला अज्ञान किंवा अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो नकार अनुभवातून आलेला आहे, आणि अनुभवाने आलेला अविश्वास माहितीपत्रके वाटून जात नाही, तो उलट्या अनुभवानेच जातो.

असा उलटा अनुभव कसा द्यायचा, याचे एक उत्तर ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ या कल्पनेत आहे. ती न्यूझीलंडच्या मूलनिवासी माओरी समाजातील परिचारिकांनी मांडली. १९८८ मध्ये क्राइस्टचर्च येथे भरलेल्या एका सभेत एका माओरी विद्यार्थिनीने विचारले, की तुम्ही आम्हाला कायद्याच्या, नीतीच्या आणि वैद्यकीय कामातील सुरक्षिततेचे धडे देता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? माओरी परिचारिका आणि शिक्षिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी या प्रश्नाचे विचारपूर्वक तत्त्व बनवले, आणि १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने त्याला परिचारिकांच्या शिक्षणात स्थान दिले. त्यावर देशभर इतका गदारोळ झाला, की १९९५ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. गदारोळाचे कारण समजण्यासारखे आहे. परक्यांच्या चालीरीती जाणून घ्या, त्यांच्याशी आदराने बोला, एवढेच सांगितले असते तर कोणी रागावले नसते. रॅम्सडेन यांचे म्हणणे त्याहून कितीतरी पुढचे होते: उपचार सुरक्षित होते की नाही, हा निर्णय देणारा उपचार देणारा नसतो, घेणारा असतो, आणि परिचारिकेने अभ्यासायची पहिली संस्कृती रुग्णाची नव्हे, स्वतःची, स्वतःच्या हाती असलेल्या सत्तेची. यातली कळीची बाब निवाड्याच्या अधिकाराची आहे. तो काढून टाकला, तर जे उरते ते केवळ सौजन्य. आणि आज अनेक रुग्णालयांत या नावाखाली जे चालते ते तेवढेच आहे, असे मला वाटते.

सौजन्य आणि सुरक्षितता यांतील अंतर हृदयविकारात जिवावर बेतते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात २८ सप्टेंबर २०२० रोजी जॉयस एशाक्वान ही अतिकामेक या मूलनिवासी समाजातील ३७ वर्षांची स्त्री जोलिएटच्या रुग्णालयात मरण पावली. तिला हृदयविकार होता, हे रुग्णालयाला ठाऊक होते. मृत्यूचे कारण फुप्फुसांत साठलेले पाणी. तिने शेवटच्या वेळी आपल्या फोनवरून जे थेट चित्रण केले, त्यात रुग्णालयाचे कर्मचारी तिला हिणवताना ऐकू येतात. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी जेहान कामेल यांनी २०२१ मध्ये स्पष्ट लिहिले, की वंशविद्वेष आणि पूर्वग्रह यांचा या मृत्यूत वाटा होता; तिला व्यसनाचे पदार्थ न मिळाल्यामुळे त्रास होत आहे असे आधीच गृहीत धरले गेले आणि त्यामुळे तिच्या तक्रारींकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही. या घटनेकडे काही कर्मचाऱ्यांचे उद्धट वर्तन म्हणून पाहिले, तर त्यातले वैद्यकीय सत्य निसटते. येथे निदानात चूक झाली, आणि चुकीचे मूळ पूर्वग्रहात होते. धाप, अस्वस्थता, हातपाय झाडणे ही लक्षणे डोळ्यांसमोर असूनही त्यांचा अर्थ लावताना रुग्णाचा वंश मध्ये आला.

क्वीन्सलँडमधील डूमाजी या वस्तीतही हेच वेगळ्या रूपात दिसले. २०१९ आणि २०२० मध्ये ऱ्हुमॅटिक हृदयविकाराने तेथील तीन मूलनिवासी स्त्रियांचे मृत्यू झाले. त्यांतली सर्वांत लहान सतरा वर्षांची होती. चौकशीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मृत्यूपूर्वी वारंवार रुग्णालयात जाऊनही दुखण्याच्या गोळ्यांवर परत पाठवले जाणे, आधीचे निदान नोंदीत असूनही कोणी न पाहणे, सरकारी रुग्णालय आणि समाजाने चालवलेला दवाखाना यांनी एकमेकांना माहिती न देणे, हे सारे त्यातून पुढे आले. समाजाच्या हाती दवाखाना आला की सर्व काही आपोआप सुरळीत होईल, असे मानणाऱ्यांनीही या प्रकरणाचा विचार केला पाहिजे. नियंत्रण हाती असणे आवश्यक आहे, पण त्याच्या जोडीला नोंदी, मनुष्यबळ आणि सेवांमधला समन्वय नसेल, तर ते पुरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मनापासून घेतला जातो. हृदय सगळ्यांचे सारखेच असते, झडप संस्कृती पाहून गळत नाही, मग उपचारात संस्कृती कशाला आणायची? याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा एका प्रत्यक्ष निर्णयात शोधावे. मिट्रल झडप निकामी झालेली वीस वर्षांची एक मुलगी शल्यविशारदासमोर आहे, असे समजा. शक्य असेल तर तिची स्वतःची झडप दुरुस्त करावी, हे उत्तम. ते शक्य नसेल तर दोन वाटा राहतात. धातूची कृत्रिम झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन जन्मभर घ्यावे लागते, त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासावे लागते, आणि गरोदरपणात हे औषध गर्भाला अपाय करू शकते. ते थांबवावे तर झडपेत गुठळी होण्याचा धोका. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा जन्मभर वॉरफेरिन लागत नाही, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि काही वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागते. यांतली कोणती वाट बरोबर, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. तिला मुले हवी आहेत का, तिच्या वस्तीत रक्त तपासण्याची सोय नियमित चालते का, पावसाळ्यात रस्ते बंद झाल्यावर औषध पोचते का, घरातली कोणती ज्येष्ठ स्त्री या निर्णयात हवी, हे सारे कळल्याशिवाय शल्यविशारद योग्य झडप निवडूच शकत नाही. आणि हे कळण्यासाठी तिने मोकळेपणाने बोलावे लागते.

ती बोलेल का, हे अनेक बारीक गोष्टींवर ठरते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरीतील रुग्णांना हृदयशस्त्रक्रियेसाठी दीर्घकाळ ॲडलेडसारख्या शहरांत पाठवले जात आले आहे. तेथील राजधानी डार्विनपासून ॲडलेड हवाई मार्गाने सुमारे २,६०० किलोमीटर दूर आहे. जिची घरची भाषा योल्ङु मात्था किंवा वार्ल्पिरी आहे आणि इंग्रजी तिसरी-चौथी भाषा आहे, तिच्याशी दुभाष्याशिवाय शस्त्रक्रियेची संमती बोलली जाते, तेव्हा ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणते, कारण अधिकारी माणसासमोर संभाषण लवकर संपवण्याचा तोच एक सभ्य मार्ग असतो. त्या ‘हो’खाली सही घेतली जाते आणि कागदोपत्री सगळे नीट होते. छातीची सोनोग्राफी करताना छाती उघडी करावी लागते. ती परक्या पुरुषाने करायची असेल तर कित्येक स्त्रिया पुढच्या तारखेला येत नाहीत. घरात मृत्यू झाला, तर ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे शोकाचे विधी आणि कर्तव्ये ही टाळता येण्याजोगी गोष्ट नसते. ज्या दवाखान्याला हे माहीत आहे तो इंजेक्शनाची तारीख चार दिवस अलीकडे घेतो किंवा परिचारिकेला शोकस्थळी पाठवतो, आणि ज्याला माहीत नाही तो नोंदीत ‘गैरहजर’ लिहितो. सोबत येणाऱ्या मावशीच्या तिकिटाला मंजुरी मिळाली नाही म्हणून रुग्णाने शस्त्रक्रियाच नाकारणे, ही फक्त वाहतुकीची अडचण समजली जाते. माझ्या मते तो उपचारातला दोष आहे, जंतुसंसर्ग झालेल्या जखमेइतकाच नोंदवण्याजोगा.

दुसरा आक्षेप समतेच्या नावाने येतो. मेलबर्नच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयाने २०२४ मध्ये तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक मूलनिवासी रुग्णाला निदान तिसऱ्या श्रेणीत धरायचे, म्हणजे ३० मिनिटांच्या आत तपासायचे, असा नियम केला. त्यावर टीका झाली, की तातडी लक्षणांवरून ठरली पाहिजे, वंशावरून नव्हे. हा मुद्दा हलका नाही, आणि ज्यांनी तो मांडला ते सगळेच द्वेषाने बोलत होते असे मी म्हणणार नाही. परंतु लक्षणांवरून तातडी ठरवणारी जुनी पद्धत निःपक्षपाती होती, हे या आक्षेपाने गृहीत धरले आहे. मूलनिवासी रुग्ण अधिक वेळ ताटकळतात आणि तपासणीविनाच निघून जाण्याचे प्रमाण त्यांच्यात कितीतरी अधिक आहे, हे रुग्णालयांच्याच नोंदी सांगत आल्या आहेत. हृदयविकारही या समाजात दहा ते वीस वर्षे आधी गाठतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत इतरांसाठी हृदयविकाराच्या धोक्याचे मूल्यमापन ४५ व्या वर्षापासून आणि मूलनिवासींसाठी ३० व्या वर्षापासून सांगितले आहे. पस्तिशीतल्या मूलनिवासी पुरुषाच्या छातीतले दुखणे हे पस्तिशीतल्या इतर पुरुषाच्या दुखण्याइतकेच कमी धोक्याचे मानणे, ही समता नसून चुकीचे अनुमान आहे. सेंट व्हिन्सेंट्सचा नियम कायमचा असावा असे मला वाटत नाही, पण प्रतीक्षेतली दरी भरून निघेपर्यंत तो असलाच पाहिजे.

तिसरा आक्षेप मूलनिवासी समाजातूनच येतो आणि तो मला सर्वांत जिव्हारी लागतो. सांस्कृतिक सुरक्षितता म्हणजे आता दोन तासांचे ऑनलाइन प्रशिक्षण, भिंतीवर टांगलेले एक चित्र आणि सभेच्या आरंभी भूमीच्या मूळ मालकांना वाहिलेला आदर, एवढेच होऊन बसले आहे, असे ही माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. कायदे झाले आहेत: ऑस्ट्रेलियात वैद्यकीय व्यावसायिकांच्या नोंदणीचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय कायद्यात २०२२ मध्ये सांस्कृतिक सुरक्षिततेचे उद्दिष्ट घालण्यात आले. क्यूबेकमध्येही या विषयावर कायद्याचे विधेयक २०२३ मध्ये मांडले गेले, पण व्यवस्थेतच वंशविद्वेष आहे हे शासनाने मान्य करावे, ही एशाक्वान यांच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कामेल यांची शिफारस तेथील सरकारने स्वीकारली नाही. दोष नाकारून त्यावरचा उपाय कायद्यात लिहिला, तर तो उपाय कोणाच्या कामी येणार?

म्हणून निवाड्याचा अधिकार खरोखर रुग्णांकडे आणि त्यांच्या समाजाकडे जायचा असेल, तर त्याच्यासोबत पैसा आणि निर्णयाची सत्ताही जावी लागते. सिडनीतील रेडफर्न येथे १९७१ मध्ये मूलनिवासींनी स्वतःचा पहिला दवाखाना सुरू केला. आज देशभर अशा १४० हून अधिक संस्था आहेत, आणि ज्यांना रुग्णालयाची पायरी चढणे नको वाटते असे लोक तेथे येतात, कारण स्वागताला बसलेली व्यक्ती त्यांच्या आप्तांना ओळखते. न्यूझीलंडने याच विचाराने जुलै २०२२ मध्ये ‘ते आका वाई ओरा’ हे माओरी आरोग्य प्राधिकरण स्थापले, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच, जून २०२४ अखेर, नव्या सरकारने ते मोडीत काढले. ज्या देशाने जगाला ही कल्पना दिली, त्याच देशात निवडणुकीच्या एका निकालाने एवढी मोठी संस्था पुसली जाते, हे पाहून मला मनस्वी दुःख झाले. दोन वर्षांत हृदयविकाराचे आकडे का बदलले नाहीत, असे विचारणाऱ्यांना झडपांच्या आजाराचा कालावधी ठाऊक नसावा.

स्थानिक ज्ञानाची किंमत केवळ भावनिक आहे, असाही एक समज आहे. १९८२ मध्ये केरिन ओ’डी यांच्या देखरेखीखाली पश्चिम ऑस्ट्रेलियातील दहा मधुमेही मूलनिवासी सात आठवडे आपल्या पारंपरिक भूमीवर शिकार आणि कंदमुळे यांवर राहिले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले, रक्तातील साखर आणि चरबीचे प्रमाण लक्षणीय सुधारले. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि सगळ्यांनी पुन्हा शिकारीवर जगावे असे कोणीही म्हणत नाही. पण ज्या समाजाच्या हातून भूमी काढून घेऊन त्याच्या ताटात शिध्याचे पीठ, साखर आणि चहा वाढले गेले, त्याला ‘तुमच्या आहाराच्या सवयी वाईट आहेत’ असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञाने हा अभ्यास वाचावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

घरांचा प्रश्न तर आहेच. एका खोलीत आठ माणसे झोपत असतील, न्हाणीघरातला नळ महिनोन्‌महिने बंद असेल, तर स्ट्रेप्टोकोकस फिरत राहणार, आणि दवाखान्यातला कोणताही जिव्हाळा त्याला रोखू शकणार नाही.

मागणी करायची ती नेमकी करावी. रुग्णालयांनी मूलनिवासी हृदयरुग्णांपैकी किती उपचार अर्धवट सोडून गेले, किती जणांना दुभाषी मिळाला, छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आल्यापासून ईसीजी निघेपर्यंत किती मिनिटे गेली, हे विभागवार प्रसिद्ध करावे. जे निघून गेले त्यांना त्यांच्याच समाजातील माणसाने घरी जाऊन कारण विचारावे आणि ते कारण नोंदीत रुग्णाच्या शब्दांत लिहावे. ऑस्ट्रेलियाच्या हार्ट फाउंडेशनने रुग्णालयांच्या संघटनेसह २०१२ पासून राबवलेल्या लाइटहाउस प्रकल्पात हृदयविकाराचे मूलनिवासी रुग्ण उपचार सोडून का जातात, याच प्रश्नापासून सुरुवात झाली होती, ही दिशा योग्य आहे. तिच्यात एक गोष्ट वाढवावी: या आकड्यांचा अर्थ लावून ‘येथे आमची माणसे सुरक्षित नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार समाजाच्या प्रतिनिधींना असावा, आणि तसे म्हटले गेले तर त्या विभागाच्या पुढच्या वर्षीच्या निधीवर त्याचा परिणाम व्हावा. ऱ्हुमॅटिक हृदयविकार २०३१ पर्यंत नाहीसा करण्याचे ध्येय ऑस्ट्रेलियात मांडले गेले आहे. त्या वर्षी एकविशीत येणारी मुले आज इंजेक्शनाच्या रांगेत आहेत, आणि पुढच्या २८ दिवसांनी ती परत येतात की नाही, यावरच त्या ध्येयाचे भवितव्य अवलंबून आहे.